एकशेऐंशी ग्रॅमची चोरी

पाच वाजायला पाच तास.

"पाच वाजता मला पोलिसांच्या हवाली करणार हायेत," भामा म्हणाली आणि खुर्चीत न बसता खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "तुमच्याकडं पाच तास हायेत, निशीताई. त्यातला अर्धा तास रिक्षातच जाईल."

उदयला हसू आलं. त्यानं ते आवरून वही उघडली.

गौलीगुड्याच्या बस स्टँडमागे, शिंप्याच्या दुकानावर निशिगंधा उदगीरकरची कचेरी. विमा कंपनीत वीस वर्षं तिनं खोटे दावे पकडले. मग नोकरी सोडून स्वतःची पाटी लावली. उदय तिचा मदतनीस. बायकोची बदली झाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला, आणि तेलुगू मुलखातल्या या गावावर रोज नव्यानं चिडणारा. आत्ता तो पंख्यावर चिडला होता. पंखा फिरत नव्हता. घरमालकाला विचारलं तर म्हणे, "परसोंइच तो सुधारा मियाँ उसकू!" आणि पात्यांवर बोटभर जळमटं. इतकं गोड खोटं पुण्यात कुणी बोलत नाही.

"बस, भामा," निशिगंधा म्हणाली. "काय चोरलंस?"

"एक थाळी. गाण्याची."

"चोरलीस का?"

"तुमच्या आईकडं म्या पापड लाटायला यायचे. तवा एक पापड तरी कमी भरला व्हता का?"

सव्वीस वर्षं भामा बरकतपुऱ्यात भगवंतराव बिदरकर वकिलांकडे कामाला होती. मालकीण वारल्यावर घर तिनंच ओढलं. वकिलांना अमेरिकी जॅझच्या तबकड्यांचं वेड. त्यातली एक नाहीशी झाली आणि नाव भामाचं आलं. काल एक हवालदार अंबरपेठेत तिच्या गल्लीत येऊन पत्ता विचारून गेला. गल्लीनं पाहिलं. समोरच्या घरानंही पाहिलं, आणि समोरच्या घरातच रविवारी तिच्या लेकीचा, राणीचा साखरपुडा ठरला होता.

"त्यांनी सकाळी निरोप धाडला. आधी तुमचं काय ते निस्तरा, मग बघू. आता पाच वाजता पोलिसांची गाडी आली ना ताई, तर राणीचं संपलं."

निशिगंधानं चपला घातल्या.

पाच वाजायला चार तास.

भगवंतराव सत्तरीचे, काटकुळे, एका जागी न थांबणारे. बोलता बोलता त्यांनी दिवाणखान्याला तीन फेऱ्या मारल्या.

"तू उदगीरकरांची ना? साक्षीदार म्हणून दोनदा माझी केस पाडलीस."

"तीनदा."

"तिसरी मी विसरायचं ठरवलंय. ये. पण ठाण्यावर काल तोंडी कळवलंय, पाचला मी लेखी तक्रार देणार, हे सांगून ठेवतो. तोवर काय ते शोध."

त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून आतली खोली उघडली. जाड पडदे, एक खुर्ची, दोन उंच स्पीकर, आणि भिंतभर कपाट. एप्रिलचं ऊन बाहेरच राहिलं.

"तीस वर्षं एकेका तबकडीसाठी अर्ज केले मी. परवाना नाही, परकीय चलन नाही. जी मिळायची ती चार घरं फिरून, ओरखडे घेऊन. आता पत्र टाकलं की खोकं येतं! आणि कसलं येतं! जुन्या मूळ फितीवरून नव्यानं कापलेली, नव्या ठशाची तबकडी. हे धर."

त्यांनी एक पाकीट उदयच्या हातात ठेवलं. मुखपृष्ठावर धुक्यातला पूल. माणूस एकही नाही. वर नाव, हॉलोवे क्विंटेट. मागे वादकांची नावं, मुंगीच्या अक्षरात.

"सत्तावन्न सालचं ध्वनिमुद्रण. तेव्हा दोनशेसुद्धा खपल्या नाहीत, कंपनी बुडाली. कुणाला ठाऊकही नाही हे लोक. आता एका वेड्यानं पाचशे संच काढले. माझा दोनशे बारावा. एका संचात दोन तबकड्या. का विचार."

"का?" उदयनं विचारलं.

"मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहतीस फेऱ्यांनी फिरतात. ही पंचेचाळीसनं. वेग जास्त, म्हणजे त्याच गाण्याला खाच लांब मिळते, आवाज मोकळा होतो. पण मग एका बाजूला दोनच गाणी मावतात." त्यांनी यंत्रावरचं झाकण उचललं. "वेग बदलायला हा रबरी पट्टा हातानं दुसऱ्या चाकावर चढवायचा. बटण नाही. बटणवाल्या यंत्रांना मी यंत्र म्हणत नाही."

"चोरी कशी कळली?" निशिगंधानं विचारलं.

"वजनावरून. खोकं आलं त्या रविवारी एकदाच ऐकली. एकट्यानं, दार लावून. मग बहिणीकडे औरंगाबादला गेलो दहा दिवस. जाताना बजावलं, खोली उघडायची नाही. मंगळवारी रात्री परतलो, काल सकाळी पहिली तबकडी हातात घेतली. एकशेऐंशी ग्रॅमचा माल. हाताला कळतं. हातात आली ती चपाती! माझ्याच माळ्यावरची, हार्मोनियमची जुनी तबकडी, आत सरकवून ठेवलेली. दुसरी शाबूत आहे."

"तुमची किल्ली गळ्यात. दुसरी?"

"स्वयंपाकघरात, देवांच्या मागे. घरातल्या सगळ्यांना माहीत. पण भामानं स्वतः कबूल केलंय की सोमवारी कपाट उघडलं. आता नाही म्हणते. साक्ष फिरवणारा साक्षीदार, बाई, तुला सांगायला नको."

"तुमच्यासमोर कबूल केलं?"

"सुनेसमोर."

"बरं. आणि या तबकडीत गातं कोण?"

भगवंतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी तोंड उघडलं.

"नको," निशिगंधा घाईनं म्हणाली. "आत्ता नका सांगू. कुणालाच."

उदयच्या वहीत:
किल्ली सगळ्यांना. कबुली एकीची. सोपं आहे.

पाच वाजायला तीन तास.

सून सुप्रिया पुण्याची निघाली, सदाशिव पेठेतली. उदयला सहा महिन्यांत पहिल्यांदा माहेरी आल्यासारखं वाटलं. तिनं लिंबाचं सरबत दिलं आणि मुद्द्याचं बोलली.

"काल मी भामाबाईंना विचारलं, कपाट कुणी उघडलं होतं का. त्या लगेच म्हणाल्या, 'हौ, म्या परवा उघडलं ना, पुसायला.' काल बुधवार. परवा म्हणजे सोमवार. मी सासऱ्यांना, नानांना, तसंच सांगितलं, सोमवारी. मला तरी काय माहीत त्याचं एवढं होईल?"

"सोमवारी घरात कोण होतं?"

"माझा नवरा विक्रम कुकटपल्लीला ऑफिसात, मी कॉम्प्युटरच्या क्लासला. त्या एकट्याच."

"तुम्ही ती तबकडी ऐकलीत?"

"नाही हो. मला तो भोंग्यांचा आवाज सोसत नाही."

उदयनं मान डोलावली. सोमवार. स्वच्छ, सरळ, तारखेसकट.

दिवाणखान्यात शिवराज कंधारकर येऊन बसले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त, वकिलांचे जुने मित्र आणि जुने प्रतिस्पर्धी. शनिवारी ते पुस्तक परत करायला आले होते. भामा दूध आणायला गेली तेव्हा वीस मिनिटं एकटेच बसले होते. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, कुणी विचारायच्या आत.

"मग माझ्यावर संशय घ्या ना! मोलकरणीवर कसला घेता? मी त्या संचासाठी डोळा द्यायला तयार होतो. भगवंतानं आधी पत्र टाकलं, नाहीतर दोनशे बारा माझ्याकडे असता."

"ऐकलात तुम्ही?"

"कुठला! जाताना म्हणाला, परतलो की बोलावतो. जळवतोय मला."

"मग नेलीत का?" उदयनं विचारलं. आवाज कडक करायचा प्रयत्न फसला.

"अर्धी? अहो पुणेकर, अर्धा संच म्हणजे एक पायताण. ते नेऊन मी काय लंगडी घालू?"

भामा मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. पाच वाजता पोलीस येणार, तरी रात्रीचे तांदूळ निवडत होती.

"सोमवारी कपाट उघडलंस?" निशिगंधानं विचारलं.

"सोमवारी? न्हाई."

"वकीलसाहेब गावाला गेल्यावर कधीही?"

"राणीची आण. हात न्हाई लावला."

"सुप्रियाताईंना काय सांगितलंस?"

"उघडलं म्हणून सांगितलं. उघडलं व्हतं म्हणून सांगितलं. आता उघडलं न्हाई म्हणते, कारण तवा उघडलं न्हाई." ती सुपावरून वर न बघता बोलत होती. "परवा विक्रमबाबा याच फरशीवर रांगत व्हते, ताई. त्यांच्या घरात म्या चोरी करू?"

"ती तबकडी ऐकलीस?"

"एकदाच. वकीलसाब दार लावून बसले व्हते, म्या हितं भाकऱ्या करत व्हते. कुणी बाई गात व्हती. पातळ आवाज. लेकरू निजंना म्हणून जागी बसल्यावानी."

उदयच्या वहीत:
भामा. उघडलं. नाही उघडलं. उघडलं पण नाही उघडलं.
(हे कोर्टात दोन मिनिटंही टिकणार नाही.)

पाच वाजायला दीड तास.

विक्रम आला तो गाडीचा दरवाजा आपटतच. पांढरी मारुती, काचांना कोरे करकरीत हिरवे पडदे, दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हे ऊन बघताय ना?" उदय पडद्यांकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला. "गाडी म्हणजे भट्टी आहे भट्टी. बोला, माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत. सहाला क्लायंटचा कॉल आहे."

तो जुलैत न्यू जर्सीला निघाला होता. बूट, बेल्ट, फोन, सगळं आधीच तिथं पोचल्यासारखं.

"नानांना हज्जार वेळा सांगितलं, हे सगळं चार सीडींवर मावतं. खिशात घालून फिरा. तर नाही! पट्टे चढवा, ब्रशनं पुसा. ये सब किसके लिए, यार?"

"ही हॉलोवेवाली ऐकलीत तुम्ही?"

"ऐकली की. नाना वाजवत होते तेव्हा, बाहेरून." तो हसला. "एक बुवा आहे त्यात. खर्जातला. अर्धा झोपेत गातोय. दोन ओळींच्या मध्ये जाऊन चहा पिऊन यावं."

"आणि भामा?"

विक्रमनं घड्याळाकडे पाहिलं. "मी काय सांगू? मला तिनं वाढवलंय. नानांना म्हटलं, जाऊ दे, सोडून द्या. ते ऐकत नाहीत."

"तिनं घेतली नाही, असं म्हणालात का?"

"म्हणालो ना, सोडून द्या."

निशिगंधा उठली. उदयनं तिला ओढतच गेटापाशी नेलं.

"ताई, संपलं! बंद दार एकच, तबकडी एकच, वाजली एकदाच. विक्रम म्हणतो बुवा गातो, भामा म्हणते बाई गाते. म्हणजे एक जण थापा मारतंय. आणि साक्ष आधीच कुणी फिरवलीय?"

"तुला भामाला चोर ठरवायचंय?"

उदयनं मागे वळून पाहिलं. त्याला ते मुळीच ठरवायचं नव्हतं. पण बेरीज तशीच येत होती, आणि सुपातला तांदळाचा आवाज गेटापर्यंत येत होता.

"तुझी बेरीज बरोबर आहे," निशिगंधा म्हणाली. "एक आकडा पुण्याचा घातलास, एवढंच."

पाच वाजायला चाळीस मिनिटं.

सगळे ऐकायच्या खोलीत होते. भगवंतराव खुर्चीमागे, शिवराज स्पीकरला टेकून, सुप्रिया आणि विक्रम दाराशी. भामाला आत यायला तीनदा सांगावं लागलं. या खोलीत ती झाडूशिवाय कधी आली नव्हती.

"भामा," निशिगंधा म्हणाली, "तू सूनबाईंना म्हणालीस, परवा उघडलं. परवा म्हणजे कधी?"

"परवा म्हंजे परवा." भामा गोंधळली. "वकीलसाबांनीच चावी दिली, म्हणाले पुसून घे. दिवाळीच्या आधी न्हाई का?"

एप्रिल चालू होता.

शिवराजना हसू फुटलं आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. भगवंतराव खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"आपल्या गावात परसों म्हणजे मागं कधीतरी," निशिगंधा म्हणाली. "काल नाही, त्याच्या आधी. दोन दिवस असतील, वीस वर्षं असतील. विक्रम परवा रांगत होता. आमचा पंखा परवा दुरुस्त झाला. भामाच्या मराठीत तो परसों कधीचाच येऊन बसलाय. सुप्रियाताईंनी तो पुण्याच्या कॅलेंडरवर मोजला आणि नानांपर्यंत पोचवला तो सोमवार. 'परवा' हा शब्द नानांच्या कानावर पडलाच नाही. पडला असता तर त्यांनी तिथंच विचारलं असतं."

"मी उलटतपासणी घेतलीच नाही," भगवंतराव पुटपुटले. "ऐकीव साक्षीवर..."

सुप्रियाचे कान लाल झाले. उदयनं वहीतलं पान मिटलं. घरमालक पंख्याबद्दल खोटं बोलत नव्हता, हे त्याला आत्ता कळत होतं आणि त्याचा आणखीच राग येत होता.

"पण मग घेतली कुणी?" शिवराज म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत. अर्धा संच म्हणजे एक पायताण. चोर दोन्ही नेतो. एकच कोण नेतं? जो परत आणून ठेवणार असतो तो. आणि परत आणता आली नाही म्हणून जागा भरायला माळ्यावरची हलकी तबकडी सरकवतो. कंधारकरसरांनी तसं केलं नसतं, नाना हातात घेताच ओळखतील हे त्यांना माहीत. हे अशा माणसानं केलं ज्याला वाटतं, सगळ्या तबकड्या सारख्याच." ती भगवंतरावांकडे वळली. "नाना, दुसरी तबकडी लावा. जशी लावायची तशीच."

त्यांनी तबकडी दोन तळव्यांत धरून ठेवली. सुई टेकली. खर्जात एक तार घुमू लागली आणि मग एका बाईचा आवाज आला. पातळ, जागा, अगदी जवळून आलेला. भामानं मान वर केली.

"हीच. हीच बाई."

"आता पट्टा तेहतीसवर."

"छे! का म्हणून?"

"एकदाच, नाना."

भगवंतरावांनी पट्टा उतरवून दुसऱ्या चाकावर चढवला. त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. तबकडी पुन्हा फिरली. यंत्र तेच, खाच तीच, आणि त्यातून एक जडावलेला पुरुष गाऊ लागला. प्रत्येक शब्द ओढत. एका ओळीनंतर दुसरी येईपर्यंत उदयला खोलीतल्या सगळ्यांचे श्वास मोजता आले असते.

कुणीच विक्रमकडे पाहिलं नाही. त्यामुळे सगळ्यांनी पाहिल्यासारखं झालं.

"बुवा हा," निशिगंधा म्हणाली. "हा या खोलीत कधी गायला नाही. नानांनी ती चुकीच्या वेगानं लावणं शक्य नाही, आणि बाहेर भामानं ऐकली ती बाईच. विक्रम, तुम्ही पहिली तबकडी दुसऱ्या यंत्रावर ऐकलीत. मोठी तबकडी म्हणजे तेहतीस, छोटी म्हणजे पंचेचाळीस, हे आपण सगळे लहानपणापासून धरून चालतो. तुम्हीही तेच बटण दाबलंत. पाकिटावर माणसाचं चित्र नाही, म्हणून चूक कळली नाही."

विक्रमनं सुई उचलायला हात पुढं केला. भगवंतरावांनी तो हलकेच बाजूला सारला आणि सुई स्वतः उचलली.

"ऑफिसात सीडी लिहायचं नवीन मशीन आलंय," विक्रम म्हणाला. "एका कलीगनं घरून रेकॉर्ड प्लेयर आणला. नानांना दाखवायचं होतं. जाण्यापूर्वी. की बघा, यात मावतं, मी तिकडे हेच ऐकीन, तुम्ही इकडे. एकेक नेऊन करणार होतो. मागच्या शुक्रवारी पहिली नेली. परत आणताना..." तो थांबला. "मागच्या सीटवर ठेवली होती. मीटिंग लांबली. गाडी उन्हात. चार तास. पापडासारखी वळली."

"आणि मग गाडीला पडदे लावलेत," निशिगंधा म्हणाली.

"नाना, ऐका ना, मी दुसरा संच मागवला असता..."

"पाचशेच आहेत," भगवंतराव म्हणाले. मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी. "तबकडी गेली मसणात. काल हवालदार हिच्या दारात गेला, विक्रम. तू ताटावर बसला होतास. ही तुला वाढत होती."

"मला वाटलं, पुरावा नाही म्हणून सोडून देतील."

भगवंतरावांनी फोन उचलून पोलीस ठाण्याला दोन वाक्यांत तक्रार नसल्याचं कळवलं. मग ते भामासमोर येऊन उभे राहिले.

"भामा, माझं चुकलं."

"हौ," भामा म्हणाली.

"तू म्हणशील ते..."

"चार भिंतीत चुकलं म्हणून माझं काय भागतंय, वकीलसाब? हवालदार माझ्या गल्लीत आला व्हता. चुकलं ते तिथं येऊन सांगा. तुम्ही बी आणि हे बी."

"मी येतो," भगवंतराव म्हणाले.

विक्रमनं घड्याळाकडे पाहिलं. "भामा, मी तुझ्याशी नंतर निवांत बोलतो ना. आपण दोघंच."

"नक्को. आत्ता."

पाच.

अंबरपेठेतली गल्ली इतकी अरुंद होती की हिरव्या पडद्यांची गाडी तोंडाशीच उभी करावी लागली. नळाला पाणी आलेलं, बायका कळशा घेऊन रांगेत. मागून रिक्षातून निशिगंधा आणि उदय पोचले तोवर भगवंतराव बोलून झाले होते. एका हातानं नळाचा खांब धरून, कोर्टात बोलावं तसं. आरोप खोटा, तक्रार माझी, चूक माझी. समोरच्या घराच्या ओट्यावर राणीची होणारी सासू हात पुसत उभी होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. भामाच्या खोलीच्या दारात राणी, अर्धी आत, अर्धी बाहेर.

विक्रम पुढे झाला. बुटांवर चिखल उडाला होता.

"ती तबकडी मी घेतली होती," तो म्हणाला. "भामानं नाही."

रांगेतल्या दोघीतिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं खांदे उडवले.

"हितं अर्ध्यांना मराठी येत न्हाई," भामा म्हणाली. "तेलुगूत सांगा."

विक्रमनं निशिगंधाकडे पाहिलं. ती नळाकडे बघत होती. त्यानं उदयकडे पाहिलं. उदयला इथून निघून जावंसं वाटत होतं.

"नेने तीसिना," विक्रम पुटपुटला. मीच घेतली.

वरच्या मजल्यावरून एक म्हातारी वाकून कानामागे हात धरत होती. ओट्यावरच्या सासूनं हात पुसायचे थांबवले.

भामानं आपली कळशी नळाखालून काढून बाजूला ठेवली. पाण्याचा आवाज वाढला म्हणून नळही बंद केला.

"ऐकू येत न्हाई, विक्रम," ती म्हणाली. "जोरात."